"नशेत होता" आणि "डोकं ठिकाणावर नव्हतं": कोर्टात या दोन गोष्टी वेगळ्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे: "माझा चुलतभाऊ २९ वर्षांचा. सहा-सात वर्षांपासून गांजा ओढतो, दोन वर्षांपासून मोहाची दारूही पितो. वर्षभरापासून एकटाच बोलतो. विहिरीत कोणीतरी औषध टाकलं म्हणून घरचं पाणी पीत नाही. तान्ह्या पोळ्याच्या रात्री दारू पिऊन आला आणि आमच्या धाकट्या काकाला कुऱ्हाडीनं मारलं. काका जागीच गेले. मग यानं बोअरवर कुऱ्हाड धुतली आणि कोठ्यात ढोरांजवळ जाऊन झोपला. पोलिसांनी झोपेतून उठवून नेला. पारावर कोणी म्हणते नशेत होता सांगा, सुटते. कोणी म्हणते नागपूरवरून वेड्याचं सर्टिफिकेट आणा. खरं काय?"

भाऊ, पारावरचा पहिला सल्ला आधी घेतो, कारण त्यानंच जास्त नुकसान होतं. सव्वीस वर्षं फौजदारी वकिली करतोय. आरोपीची माणसं पहिल्यांदा ऑफिसात येतात तेव्हा बहुतेकांच्या तोंडी हेच असतं: "साहेब, पेला होता तो, त्याले काय समजत होतं?" त्यांना वाटतं, एवढं सांगितलं की गुन्हा अर्धा झाला. खरं म्हणजे तेवढ्या एका वाक्यात तो तिथं होता आणि मारणारा तोच होता, हे दोन्ही कबूल करून झालेलं असतं. शिवाय महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू पिणं हाच दारूबंदी कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे, म्हणजे वर आणखी एक कबुली. एवढं सगळं देऊन पदरात काय पडतं? स्वतःहून केलेल्या नशेला कायदा माफी देत नाही.

आता कलमं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तुमच्या कामाची कलमं २२, २३ आणि २४. जुन्या दंड संहितेत हीच ८४, ८५ आणि ८६ होती. गाभा तोच आहे, म्हणून जुने निकाल आजही वाचले जातात.

कलम २४ नीट समजून घ्या, कारण पारावर ते कोणालाच माहीत नसतं. खुनाच्या खटल्यात कोर्ट दोन वेगळ्या गोष्टी बघतं: आरोपीचा इरादा काय होता आणि त्याला जाणीव कशाची होती. मारायचंच म्हणून मारणं हा इरादा. असं मारलं तर माणूस मरू शकतो, हे ठाऊक असणं ही जाणीव. कलम २४ सांगतं की स्वतःहून नशा केलेल्या माणसाला शुद्धीवर असताना जी जाणीव असती, तीच नशेतही होती असं धरलं जाईल. "मला काही समजत नव्हतं" हे तिथंच संपतं. इराद्याबद्दल मात्र कलम तसं म्हणत नाही. इरादा धरून चालायचा नसतो, तो परिस्थितीवरून काढायचा असतो आणि तो काढताना नशा किती चढली होती हेही बघायचं असतं.

याचा मुख्य निकाल १९५६ चा, बसदेव विरुद्ध पेप्सू (पतियाळा व पूर्व पंजाबातल्या संस्थानांचं तेव्हाचं) राज्य. लग्नघरचं जेवण होतं. एक निवृत्त जमादार भरपूर पिऊन आला. बसायला सोयीची जागा पाहिजे म्हणून त्यानं पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला सरकायला सांगितलं. पोरगा सरकला नाही, यानं पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. वैर नाही, जुनं भांडण नाही. सर्वोच्च न्यायालयानं काय पाहिलं? तो मधूनमधून झोकांड्या देत होता, बरळत होता. पण स्वतःच्या पायांनी आला, स्वतःची जागा स्वतः निवडली, गोळी घातल्यावर पळायला बघत होता आणि पकडल्यावर माफी मागत होता. म्हणजे इरादाच करता येऊ नये इतकी नशा नव्हती. खुनाची शिक्षा कायम राहिली. सत्र न्यायालयानं फाशीऐवजी जन्मठेप दिली होती आणि तसं करताना नशा व हेतूचा अभाव या दोन्ही गोष्टी धरल्या होत्या. नशेचा उपयोग झाला तो एवढाच, गुन्हा ठरून गेल्यावर शिक्षा मोजताना.

नशा खरोखर एवढी होती की इरादा करणंच शक्य नव्हतं, असं पुराव्यात आलं तर खून, म्हणजे कलम १०३, याऐवजी कलम १०५ चा दुसरा भाग लागू शकतो. त्यात जाणीव असते, इरादा नसतो. शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड. हे कागदावर झालं. डोक्यावर कुऱ्हाडीचे दोन-तीन घाव असले की इरादा घावांवरूनच निघतो, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. दारूच्या बैठकीत अचानक जुंपली आणि कोणी गेलं, अशा खटल्यात कधीकधी गुन्हा हलका होतो. पण तो दारूमुळे होत नाही. अचानक झालेल्या भांडणाचा अपवाद कायद्यात वेगळा आहे, त्यामुळे होतो. गावात ते "पेला होता म्हणून सुटला" असं पसरतं आणि पुढच्या वर्षी तुमच्यासारखा कोणी तोच सल्ला घेऊन माझ्या दारात उभा राहतो.

कलम २३ चटकन संपवतो. नकळत किंवा जबरदस्तीनं नशा दिली गेली आणि त्यात माणसाला आपण काय करतोय हेच कळेनासं झालं, तर गुन्हा नाही. धुळवडीला भांगेचा लाडू साधा म्हणून खाऊ घातला, प्रवासात चहातून धोतरा दिला, असं काही. दोस्तांनी आग्रह केला, "घे ना बे" म्हणाले, हे यात बसत नाही. ग्लास त्यानं स्वतः उचलला होता. तुमच्या प्रश्नात हे नाहीच.

खरा विषय तुम्ही मधल्या दोन वाक्यांत सांगून मोकळे झालात: वर्षभर एकटाच बोलतो, विहिरीत औषध टाकलं म्हणतो. मी तुमच्या जागी असतो तर नशा सोडून या वाक्यांमागे लागलो असतो.

कलम २२ असं आहे. कृत्य करताना मन विकल असल्यामुळे ज्याला आपण काय करतोय त्याचं स्वरूप कळत नव्हतं, किंवा हे चूक आहे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं, त्याचं ते कृत्य गुन्हा ठरत नाही. याचं मूळ इंग्लंडमधलं आहे. १८४३ मध्ये मॅक्नॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला गोळी घातली. तो मनोविकारी ठरून सुटला, गदारोळ झाला आणि तिथल्या न्यायाधीशांनी नियम घालून दिले. १८६० मध्ये ते आपल्या दंड संहितेत आले. डॉक्टरांचं शास्त्र तेव्हापासून कुठल्या कुठं गेलं, पण कोर्टाची कसोटी मोठ्या प्रमाणात तीच राहिली. म्हणून डॉक्टरचा कागद आणि कोर्टाचा निकाल यांत फट पडते. स्किझोफ्रेनिया आहे असं डॉक्टरनं लिहिलं म्हणजे सुटका झाली, असं नाही. सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आलं आहे की आजार असणं वेगळं आणि त्या घडीला आजारामुळे समज गेलेली असणं वेगळं. सर्टिफिकेटवाल्यांना एवढं सांगा: आज नागपूरला तपासून मिळालेला कागद आजचं सांगेल. कोर्ट विचारतं तान्ह्या पोळ्याच्या रात्रीचं.

मग त्या रात्रीचं सिद्ध कसं होतं? माणसाच्या डोक्यात कोणी शिरू शकत नाही, म्हणून घटनेच्या आधीचं, घटनेच्या वेळचं आणि नंतरचं वागणं बघतात. दोन निकाल सांगतो. १९७० चा निकाल मध्य प्रदेशातला. एका माणसानं दुसऱ्याच्या खळ्यातलं गवत पेटवलं. लोकांनी विचारलं, तर म्हणाला, "मी जाळलं, काय करायचं ते करा." पळाला नाही, लपला नाही. आधीची मानसिक तक्रार पुराव्यात होती. सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष ठरवलं. दुसरा आपल्या राज्यातला, २००२ चा. एका पोलीस शिपायानं दिवसाढवळ्या पाटा-वरवंट्याच्या दगडानं बायकोला मारलं. वडिलांना मानसिक आजार होता, खुद्द त्या शिपायावरही आधीपासून उपचार चालू होते, घटनेनंतर पाच-सहा महिन्यांत पंचवीस वेळा त्याला दवाखान्यात न्यावं लागलं, मारण्याचं कारण फुसकं होतं आणि पळून जायचा प्रयत्न नव्हता. तोही सुटला. दोन्हीकडे घटनेआधीचा आजार दाखवणारं काहीतरी पुराव्यात होतं. तुमच्याकडे काय आहे, हा प्रश्न मी सर्वात आधी विचारणार.

तुमच्या भावाच्या बाबतीत कुऱ्हाड धुणं हा अवघड भाग आहे. सरकारी वकील त्यावर अर्धा तास बोलतील: धुतली म्हणजे पुरावा पुसला, पुसला म्हणजे चूक केली हे माहीत होतं. यावर माझा उपाय कोठ्यातली झोप. पुरावा पुसणारा माणूस कपडे बदलतो, गाव सोडतो, निदान कुऱ्हाड पऱ्हाटीत फेकतो. हा रक्तानं माखलेले कपडे घालून बैलाशेजारी झोपला. (कपड्यांचं मी गृहीत धरतोय, जप्ती पंचनाम्यात बघावं लागेल.) शिवाय तो घरचं पाणी विषारी समजत होता. कुऱ्हाड धुताना काय बडबडत होता, हे ऐकणारा कोणी होता का? असला तर त्याचं एक वाक्य दहा सर्टिफिकेटांपेक्षा भारी पडेल.

दुसरी अडचण हेतूची. काकाशी धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद होता का? तुम्ही लिहिलं नाही. असेल तर लपवू नका, तलाठ्याकडचे कागद पोलीस आधी काढतात. वाद असला म्हणून कलम २२ आपोआप जात नाही, पण चढ उभा होतो.

आता नशा आणि आजार यांची गाठ सोडवू, कारण सरकार पक्ष म्हणणारच की हे सगळे गांजाचे चाळे आहेत. १८८१ मध्ये इंग्लंडच्या एका खटल्यात न्यायाधीश स्टीफन यांनी हा फरक केला: दारूची नशा ही एक गोष्ट, दारूमुळे जडणारा आजार ही दुसरी. आपली कोर्टंही हा फरक मानत आली आहेत. नशेतून का होईना, मनाचा आजार जडला असेल तर प्रश्न कलम २२ चा होतो, २४ चा राहत नाही. ठळक उदाहरण रोजच्या पिणाऱ्याचं. दारू एकदम बंद झाली की दोन ते चार दिवसांत अंग थरथरतं, ताप येतो, भिंतीवर साप-विंचू दिसतात. पिऊन नव्हे, न पिल्यामुळे. पोलीस कोठडीत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हवालदार म्हणत होता "नाटक करते". आम्ही आग्रह धरून त्याला जिल्हा रुग्णालयात नेलं. यात माणूस दगावूही शकतो. तुमचा भाऊ रोज पीत असेल तर हे आजच ठाण्यात तोंडी आणि लेखी सांगा. बचावासाठी नव्हे, जिवासाठी.

गांजाचं गणित वेगळं. जास्त ओढल्यावर काहींना भास होतात, संशय बळावतो. ओढणं सुटलं की बऱ्याचदा दिवसांत किंवा आठवड्यांत निवळतं. काहींचा मूळचा आजार गांजानं उघड्यावर येतो आणि गांजा सुटला तरी जात नाही. नशा बंद होऊन महिनाभर उलटला आणि आवाज ऐकू येणं, विषाचा संशय चालूच राहिला, तर डॉक्टर स्वतंत्र आजाराच्या बाजूनं विचार करू लागतात. म्हणून अटकेनंतरचे दोन-तीन महिने तुमच्यासाठी सोन्यासारखे आहेत. तुरुंगात गांजा मिळत नाही (मिळू नये, असं म्हणू). तिथंही तो पाणी पिताना घाबरत असेल, तर ते तुरुंगाच्या डॉक्टरच्या कागदावर आलं पाहिजे. त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो, तपासणी नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा मेडिकलच्या (तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मनोविकार विभागात व्हावी अशी मागणी करावी लागते. हा अर्ज पहिल्या आठवड्यात झाला तर त्याला वजन. वर्षभरानं साक्षीपुरावा सुरू झाल्यावर केला, तर सरकारी वकील म्हणतील, वकिलानं शिकवलेलं.

रक्ताच्या तपासणीवर फार भरवसा ठेवू नका. दारू रक्तातून तासातासाला उतरते. सकाळी नमुना घेतला तर रात्रीचं फार थोडं उरतं. गांजाचं उलट. नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक दिवस सापडतो, म्हणून अहवालात गांजा आला तरी त्या घडीला नशा होती असं त्यातून ठरत नाही.

सिद्ध करायचं कोणी? मूळ आरोप सरकारनं निःसंशय सिद्ध करायचा. मन विकल होतं हे दाखवायचं ओझं आपल्यावर, पण ते हलकं आहे: दोन्ही बाजू तोलून आपली जास्त संभवनीय वाटली की पुरे. १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पायरी दिली. आपला बचाव पुरता सिद्ध नाही झाला, पण त्याच पुराव्यानं इराद्याबद्दल वाजवी शंका निर्माण झाली, तरी फायदा आरोपीचाच. आणि हे सगळं आपणच साक्षीदार उभे करून दाखवावं असं नाही. सरकारी साक्षीदाराच्या उलटतपासणीतूनही निघतं. आजाराचा इतिहास समोर आला असूनही तपास अधिकाऱ्यानं वैद्यकीय तपासणी करून घेतली नाही, तर तो तपासातला गंभीर दोष धरला जातो. म्हणून कोण्या जबाबात "हा आधीपासून असाच करायचा" असं आलं आहे का, ते मी दोषारोपपत्र हातात पडलं की पहिल्यांदा शोधतो.

तुमच्याकडे कागद नसतील, याची मला जवळपास खात्री आहे. आपल्याकडे अशा पोराला आधी डॉक्टरकडे कोण नेतं? आधी अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे, मग दर्ग्यावर, मग कोण्या महाराजाकडे. एका खटल्यात माझ्या अशिलाच्या आईनं हे सांगायला लाज वाटून वर्षभर लपवलं होतं. शेवटी कळलं की घटनेच्या तीन महिने आधी त्याला बंडीला बांधून मांत्रिकाकडे नेला होता आणि निम्मं गाव बघत होतं. हा पुरावा आहे! मांत्रिकाच्या इलाजावर कोर्ट विश्वास ठेवत नाही, पण पोराला बांधून न्यावं लागलं ही वस्तुस्थिती आहे. पोलीस पाटलाकडे कधी तक्रार गेली होती का, तंटामुक्ती समितीच्या वहीत नाव आहे का, ग्रामीण रुग्णालयाची जुनी चिठ्ठी, झोपेच्या गोळ्यांचं मेडिकलवाल्याचं बिल, आशाताईला कोणी काही सांगितलं होतं का, हे शोधा. असलेलं शोधा, नसलेलं बनवू नका. मागच्या तारखेचा कागद देणारे भेटतील. एक खोटा कागद पकडला गेला की खऱ्या दहांची किंमत जाते, आणि देणारा-घेणारा दोघंही नव्या गुन्ह्यात.

पारावर आणखी एक घोळ होतो, तो खटला चालवण्याच्या क्षमतेचा. आज तो इतका बिघडलेला असेल की वकिलाला काही सांगू शकत नाही, कोर्टात काय चाललंय ते कळत नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ३६७-३६८ खाली आधी तेवढीच चौकशी होते आणि खटला थांबू शकतो. हा आजचा प्रश्न आहे. तो बरा झाला की खटला पुन्हा सुरू होतो. खटला थांबला म्हणजे सुटला, असं समजून पेढे वाटलेले मी पाहिलेत.

आणि समजा सगळं जुळलं, कलम २२ लागलं. तरी तो त्या संध्याकाळी एसटीनं गावी येत नाही. कृत्य त्यानंच केलं, असं निकालात लिहिलं जातं आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ प्रमाणे त्याला सुरक्षित ठिकाणी, व्यवहारात बहुधा मनोरुग्णालयात, ठेवण्याचा आदेश होतो. किंवा नातेवाईकाच्या ताब्यात, पण त्या नातेवाईकानं हमी द्यायची की नीट सांभाळीन, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू देणार नाही. ही हमी तुमच्या घरात कोण देणार, हे आतापासून ठरवा. गोळ्या रोज कोण देईल, डवरणीच्या दिवसांत घरी कोण असेल, हेही.

वकिलाचे पैसे नसतील तर वावर गहाण टाकू नका. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो.

शेवटी काकूचं. तुमच्या पत्रात त्या कुठंच नाहीत. वर्षभर भिंतीपलीकडून पोराची बडबड ऐकणारी बाई तीच, आणि नवरा गेलेलीही तीच. तिच्याकडे "आमच्या बाजूनं सांग" म्हणून अजिबात जाऊ नका. साक्षीदारावर दबाव आणला म्हणून याला जामीन मिळणं अवघड होईल आणि ती माउलीही तुटेल. तिला जे सांगायचं ते ती कोर्टात सांगेल. तिच्यासाठी करायचं ते वेगळं आहे. पीडित भरपाई योजना, नागरिक सुरक्षा संहिता कलम ३९६. अर्ज त्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात होतो. खटल्याचा शेवट निर्दोष सुटण्यात झाला तरी न्यायालय तिच्या पुनर्वसनासाठी भरपाईची शिफारस करू शकतं. सोबत मृत्यूचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक लागेल. घरातलं कोणी सोबत गेलेलं तिला चालत नसेल, तर पोलीस पाटलाला विनंती करा.